देव आहे हे माहीत आहे, की मानता? सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

कराडजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचं गाव आहे. आज हे नाव घेतलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. पण 1856 साली याच गावात गोपाळ गणेश आगरकर जन्मले. ईश्वर, आत्मा, परलोक यांबद्दल माणसाला खात्रीनं काही कळण्याचा मार्ग नाही, तेव्हा जे कळतं त्याच्या आधारानं जगावं आणि समाज सुधारावा, असं मानणारे ते अज्ञेयवादी. ते हयात असतानाच पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. इंग्लंडमध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ले यांनी 1869 मध्ये या भूमिकेला नाव दिलं, तेव्हा आगरकर तेरा वर्षांचे होते.

मी कराडला महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त आहे. वर्गात हा विषय निघाला की मुलं लगेच तीन गट पाडायची. आस्तिक, नास्तिक आणि मधले कुंपणावरचे. ही वाटणी मला कधीच पटली नाही. प्रश्न एक नाही, दोन आहेत. देव आहे हे तुला माहीत आहे का, हा ज्ञानाचा प्रश्न. त्याच्यावर तुझा भरवसा आहे का, हा श्रद्धेचा. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणारी माणसं मी आयुष्यभर पाहत आलोय. कांटसारखा तत्त्वज्ञही 1787 मध्ये सांगून गेला की श्रद्धेला जागा मिळावी म्हणून त्याला ज्ञानाचा दावा बाजूला सारावा लागला.

माझी आई रोज विठोबाला हळद-कुंकू वाहायची. मी एकदा विचारलं, “आई, तो आहे हे तुला माहीत आहे?” ती म्हणाली, “माहीत असायला तो काय शेजारचा आहे? माझा आहे.” हे उत्तर मी पुढं अनेक वर्षं वर्गात सांगितलं आणि दर वर्षी मुलांनी त्यावर वेगळं भांडण केलं.

तर लिहा. कोण बरोबर याचा निकाल लावायचा नाही. ‘माहीत आहे’, ‘वाटतं’ आणि ‘मानतो’ यांच्या सीमा तुमच्या आयुष्यात कुठं लागल्या, कुठं पुसल्या गेल्या, तेवढं सांगा. गाव आणि काम लिहा, नाव नको.

तरडगाव, ता. फलटण. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते.

माउलींची पालखी लोणंदहून आमच्याकडं येते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडेला उभ्या राहतात आणि मधून दोन घोडे धावतात. एकावर स्वार असतो, हातात पताका. दुसरा माउलींचा अश्व. त्याच्या पाठीवर कुणी नसतं.

मी लग्न होऊन या गावात आले त्या वर्षीच सासूबाईंबरोबर रिंगण बघायला गेले. टाळ थांबले, ‘माउली माउली’चा गजर वाढला आणि घोडे आले. दुसरा घोडा माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेला. त्याच्या अंगाचा घामट वास, तोंडाला आलेला फेस, पाठीवरची झूल धावण्यानं उडत होती आणि वर काही नव्हतं. हजारो लोकांना ती मोकळी पाठ दिसत होती. आणि त्याच हजारो लोकांनी तिला हात जोडले होते. घोडा गेला तशी माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. सासूबाईंनीही लावली, पदराला बांधून घेतली.

घरी आल्यावर मी विचारलं, “आत्या, तुम्हाला खरंच दिसतात का हो माउली घोड्यावर?” मला वाटलं त्या ‘हो’ म्हणतील किंवा रागावतील. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “दिसाय पायजेत असं कुणी सांगितलं? दिसत न्हाईत म्हणून तर ती जागा सोडायची. दिसलं असतं तर ते आपले आपण बसले असते.”

यावर मी फार विचार केला आहे. मी देव आहे की नाही याबद्दल ‘मला माहीत नाही’ असंच म्हणते आणि तेच प्रामाणिक उत्तर आहे असं मला वाटतं. पण आत्यांच्या बोलण्यात माहीत असल्याचा दावाच नव्हता. माउली घोड्यावर बसलेत हे सिद्ध करा, असं मी म्हणाले तर त्यांना माझा प्रश्नच कळणार नाही. ती जागा मोकळी ठेवायची हे त्यांनी ठरवलंय, त्यांच्या सासूनं ठरवलं होतं, कर्नाटकातल्या अंकलीहून घोडे घेऊन येणाऱ्यांनी ठरवलंय, आणि इतकी माणसं इतकी वर्षं ते पाळतात. तो एक पाळलेला शब्द आहे. त्याला मी खोटं कसं म्हणू?

मात्र शेजारच्या काकू त्याच मातीचा लेप गुडघ्याला लावतात आणि गुण येतो म्हणतात. तिथं मी थांबवते. गुण येतो की नाही हे तपासता येतं, तो ज्ञानाचा प्रश्न झाला. मी काकूंना हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले, आणि आत्यांनीच मला त्यासाठी पैसे दिले.

आता पालखी येते तेव्हा मी पिठलं करते, वारकऱ्यांना वाढते, रिंगणाला जाते. माती लावत नाही. आत्या कधी लाव म्हणाल्या नाहीत.

तासगाव तालुका. द्राक्षबाग.

मी बारावीपर्यंत शिकलोय, तेव्हा मोठं लिहिणार नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढं दोन महिने आमचा जीव टांगणीला असतो. फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी रोग आलाच, घड हातचे जातात. मोबाइल सांगतो पावसाची शक्यता साठ टक्के. येणार का नाही हे त्यालाबी ठाऊक न्हाई आन मलाबी. तरी रात्री बॅटऱ्या लावून फवारणी करावीच लागते. ठाऊक नाही म्हणून हात बांधून बसता येत नाही, एवढं बागेनं शिकवलं.

देवाचं मात्र मला टक्क्यात सांगता येत नाही. एक पाहुणा म्हणाला, मानून ठेवायला काय जातंय, असला तर फायदा, नसला तर तोटा नाही. मला हे आवडलं नाही. हा देवाबरोबर सौदा झाला. असलाच देव तर त्याला असला भक्त ओळखू येणार नाही का?

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावला रथ निघतो. मी दोर धरायला जातो, वडील जायचे, चुलते जायचे. गुलाल, खोबऱ्याचे तुकडे, माणसावर माणूस. त्या दोराला माझ्या पुढं कोण आणि मागं कोण, बघायला सवड नसते, सगळे एका दमात ओढतात आणि रथ हलतो. तो हलला की आत काहीतरी सैल होतं. ते मला माहीत हाय. त्याच्या पलीकडचं मी ठरवत नाही आणि मला ठरवायची घाईबी नाही.

कराड, धागा सुरू करणारा.

द्राक्षबागायतदारांनी पाहुण्याचा जो युक्तिवाद सांगितला तो फ्रान्सच्या पास्कल या तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात पैजेच्या रूपात मांडला. त्यावरची मोठी हरकतही तुम्ही म्हणता तीच आहे: फायद्यासाठी धरलेल्या श्रद्धेला श्रद्धा म्हणायचं का? आणि कोणत्या देवावर पैज लावायची, हाही प्रश्न उरतोच. पास्कलला एकच देव समोर दिसत होता.

पाटण खोरं. भूगर्भशास्त्रात एमएस्सी.

1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी पंचविशीची होती. आमच्या वाडीत एक भिंत उभी राहिली नाही. आजीचं तेव्हापासून एकच म्हणणं: “बाईला अडवली म्हणून ती कोपली.” बाई म्हणजे कोयना नदी.

मी शिकायला गेलो आणि पुस्तकात काय वाचलं? धरणात पाणी भरलं, त्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेली भेग सरकली. जलाशयामुळं झालेल्या भूकंपांचं जगभर उदाहरण देतात ते आमच्या कोयनेचं. कराडला आता त्यासाठी संशोधन केंद्र आहे आणि आमच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. सुट्टीत घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग मी येवढी वर्षं काय सांगत होते?”

घरातले सगळे आजीच्या बाजूनं. मला मात्र यातलं अंतर फार महत्त्वाचं वाटतं. नदी अडवली म्हणून भूकंप झाला, हे आजीचं उत्तर बरोबर निघालं. पण ते तिला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. धक्के वाढले तर बाई कोपली, थांबले तर बाई शांत झाली. तिचं म्हणणं चूक ठरेल अशी एकही घटना सांगता येत नाही. उलट शास्त्रज्ञ आधी दख्खनचं पठार स्थिर समजत होते आणि कोयनेनं त्यांना ते सोडायला लावलं. पाण्याची पातळी किती, धक्के किती, केव्हा, किती खोल, याच्या नोंदी ठेवून, आपसात वाद घालून ते आजच्या जागी आले. चूक ठरण्याची तयारी असल्याशिवाय कशाला ज्ञान म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

आजी नवरात्रात कोयनेची ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ. मी तिला धरून काठावर नेतो, तिला आता उतार झेपत नाही. ती नदीशी बोलते ते मला ऐकू येत नाही आणि मी विचारतही नाही. कोप या शब्दाबद्दल आमचं भांडण चालू आहे. ओटीबद्दल नाही.

मिरज. तंतुवाद्यं करणारं घर.

मी नमाजी माणूस आहे आणि मला अल्लाहबद्दल शंका नाही, हे आधीच लिहितो. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय. आमच्याकडं ईमानाची सुरुवातच ‘गैब’वर, म्हणजे जे नजरेआड आहे त्यावर भरवसा ठेवण्यापासून होते. कुराणात दुसऱ्या सूरेच्या आरंभीच ते आहे. म्हणजे ‘दिसत नाही’ हा कुणी नव्यानं काढलेला आक्षेप नाही, ते आम्हाला पहिल्या पानावर सांगितलेलं आहे.

दुसरं, ‘माहीत असणं’ म्हणजे कागदावर सिद्ध करता येणं, इतकंच का? सतारीची जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, तारांखालच्या घोडीचा माथा कानशीनं घासतात. केसाएवढा जास्त गेला की तार बोथट बोलते, कमी गेला की झणझणते. किती घासायचं हे अब्बांनी मला कधी आकड्यात सांगितलं नाही, सांगता आलंच नसतं. तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. पंधरा वर्षांच्या पोराला ते कळत नाही, तीस वर्षं बसलेल्याला कळतं. हे ज्ञान नाही असं कोण म्हणेल? प्रार्थनेतून येणारं जे आहे, तेही बसल्याशिवाय येत नाही. बाहेर उभा राहून ‘सिद्ध करा’ म्हणणाऱ्याला मी काय दाखवू?

मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला संगीत सभा होते, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत. तिथं गाणारे-वाजवणारे सगळ्या धर्मांचे, काही कुठलाच धर्म न मानणारे. दर्ग्यासमोर बसून ते वाजवतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं, मला नाही ठाऊक. तिथं मीही अज्ञेयवादी.

पाटण खोरं.

मिरजकर भाई, जवारी चुकली तर तार सांगते. सगळ्यांनाच ऐकू येतं. प्रार्थना चुकली तर कोण सांगतं? मनापासून विचारतोय.

मिरज.

सवाल चांगला आहे. माझ्यापुरतं उत्तर: ज्या दिवशी नमाज नुसती उठबस होते त्या दिवशी दुकानात माझी जीभ कडू असते, कारागिरावर ओरडतो. घरच्यांना कळतं. हे तुमच्या कसोटीला उतरणार नाही, पण मला दुसरं माप माहीत नाही.

शिराळा तालुका. सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका.

मी रोज पूजा करते, शनिवारचा उपास धरते, माझ्या देव्हाऱ्यात कुलदेवी आहे. तरीही मला इथं एक गोष्ट जोर लावून सांगायची आहे. ‘आपल्याला काय माहीत, असेल काहीतरी’ हे वाक्य दवाखान्यात माणूस मारतं.

आमच्याकडं सापांचा मुलूख. पावसाळ्यात एका पहाटे एका तरुण मुलाला आणलं. रात्री जमिनीवर झोपला होता. पोटात दुखतंय, घसा आवळतोय म्हणत होता. चावल्याची खूण शोधून सापडेना, सूज नाही. मण्यार अशीच चावते, बहुतेकांना कळतही नाही. मी त्याला वर बघ म्हटलं. त्यानं कपाळ वर उचललं पण पापण्या उठल्या नाहीत. ते मी कधी विसरणार नाही, डोळे उघडायचा प्रयत्न कपाळानं चालला होता. आणि तो यायच्या आधी दोन तास एका देवळात होता. तिथं उतारा चालला होता.

लस सुरू केली, 108 बोलावली. रस्त्यात त्याचा श्वास थांबायला आला. मी मोठ्या दवाखान्यापर्यंत हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत गेले. तिथं तो व्हेंटिलेटरवर राहिला आणि वाचला. त्याच्या आईनं घरी जाताना माझे पाय धरले आणि मग त्याच देवळात नारळ फोडला. मीही घरी जाऊन देवीपुढं दिवा लावला. पण रजिस्टरमध्ये मी लसीच्या कुप्या लिहिल्या.

उतारा करणाऱ्याकडं जाऊन लोक बरे होतात, हे खरं आहे आणि त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं तरी दर वेळी विष जातंच असं नाही. त्या सगळ्यांचं श्रेय उताऱ्याला मिळतं आणि जे मरतात ते ‘आयुष्य तेवढंच होतं’ म्हणून. इथं अज्ञेय काही नाही. इथं ज्ञान आहे आणि ते न वापरणं पाप आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. देवाला विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते सांगत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांची हत्या झाली आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. मी हे कलम छापून केंद्राच्या भिंतीवर लावलंय, माझ्या देवीच्या फोटोशेजारी. दोन्हीकडं बोट दाखवून मी लोकांशी बोलते आणि ते ऐकतात. मी नास्तिक असते तर ऐकलं असतं का, सांगता येत नाही.

सांगली, गावभाग.

ऑगस्ट 2019, कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका. त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावरून बोटीत उतरलो आणि कोरड्या जमिनीवर पाय टेकताच आई म्हणाली, “गणपतीनं वाचवलं.” त्याच दिवसांत ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली, त्यांत बायका-मुलं होती. तीही देवाचं नाव घेतच नावेत बसली असतील.

तेव्हापासून ‘देवानं वाचवलं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. देव नाही असं मी म्हणत नाही. पण असलाच तर तो नावा निवडतो, हे मला मान्य नाही. आरतीला उभा राहतो, टाळ्या वाजवतो. मागत काही नाही.

सातारा शहर. बौद्ध घर, बँकेत नोकरी.

बाबासाहेब 7 नोव्हेंबर 1900 ला ज्या शाळेत दाखल झाले त्या शाळेवरून मी रोज जातो. आमच्या घरात देव आहे की नाही यावर कधी वाद झालेला आठवत नाही. जग अनंत आहे की नाही, तथागत मरणानंतर असतात की नाही, असे प्रश्न भगवान बुद्धांनी अनुत्तरित ठेवले. मालुंक्यपुत्त या भिक्खूनं हट्ट धरला तेव्हा त्यांनी त्याला बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण कुणी मारला, तो कुठल्या कुळाचा, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा त्याआधीच मरेल.

हक्स्ले म्हणतात कळत नाही. भगवंत म्हणतात त्यावाचून दुःख थांबवता येतं. मला दुसरं जवळचं वाटतं. माझी आजी लिहायला-वाचायला शिकली ती धर्मांतरानंतर, चाळिशीत. तिला उत्तर मिळण्याआधी पाटी मिळाली.

माण तालुका, गोंदवल्याजवळ. किराणा दुकान.

सर, तुमचे दोन्ही प्रश्न नामाच्या वाटेवर उलटे पडतात. आधी कळेल, मग विश्वास बसेल, मग नाम घेऊ, असं म्हणणारा दारातच राहतो. श्रीमहाराजांच्या समाधीपुढं बसणाऱ्यांत मी शंका असलेले पुष्कळ पाहिलेत. त्यांना कुणी हाकलत नाही. मी स्वतः वडिलांनी बसवलं म्हणून बसू लागलो. मग गोडी लागली. मला देव माहीत आहे का? नाम माहीत आहे. दुकान उघडताना, माप भरताना, झोपताना ते चालू असतं. त्याच्यापलीकडचं माझ्या हातात नाही आणि मला त्याची खंतही नाही.

वाई. ग्रंथालयात काम.

माझे यजमान गेल्या वर्षी गेले. लोक येऊन सांगत, “ते वरून बघतायत.” प्रेमानं सांगत, म्हणून मी मान हलवायची. पण रात्री मला त्याचा आधार वाटायचा नाही, उलट जास्त एकटं वाटायचं, कारण मला ते माहीत नव्हतं आणि ज्यांना बोलून दाखवावं ते तर गेले होते.

आमच्या वाईत विश्वकोशाचं काम चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रींचं गाव. पुस्तकांची कमतरता नाही. तिथंच कधीतरी हक्स्लेंबद्दल वाचलं. 1860 मध्ये त्यांचा मुलगा नोएल लाल तापानं गेला. चार वर्षांचाही पुरता नव्हता. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्रानं सांत्वनाचं पत्र लिहिलं. हक्स्लेंनी लांबलचक, अतिशय मायेचं उत्तर पाठवलं. त्यात अमरत्वाला त्यांनी नाकारलं नाही आणि मानलंही नाही. हवंसं वाटतं एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी धरायला मात्र त्या दुःखातही ते तयार झाले नाहीत. अज्ञेयवादाला नाव मिळायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट.

मी ते वाचून खूप रडले. मला पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशेजारी येऊन बसल्यासारखं झालं. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला दुःख कमी असतं किंवा त्याचं मन कोरडं असतं, असं कुणी समजू नये.

आता माझा प्रश्न. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध येतंय. सासूबाईंना ते घाटावर, गणपतीच्या देवळाजवळ, सगळं रीतसर व्हायला हवंय. पिंड त्यांच्या मुलाला पोचतो हे त्यांच्यासाठी खरं आहे. माझ्यासाठी नाही, किंवा मला ठाऊक नाही. खोटं वागायचं नाही आणि ऐंशीच्या घरातल्या आईला दुखवायचं नाही. कुणी यातून वाट काढली असेल तर लिहा.

माण तालुका.

ताई, श्राद्ध दीर किंवा मुलगा करू शकेल. तुम्ही सासूबाईंच्या शेजारी बसा. संकल्प तुमच्या तोंडचा नसेल तर त्यात खोटं काही नाही. भटजींना आधी भेटून सांगून ठेवा, समजूतदार असतील तर ते तुम्हाला काही म्हणायला लावणार नाहीत. मी श्रद्धेचा माणूस आहे, पण मन नसताना म्हटलेला मंत्र मलाही नको वाटतो.

तरडगाव.

आमच्याकडं सासऱ्यांच्या वेळी आत्यांनी विधी केला आणि मी त्यांच्या आवडीचा स्वयंपाक केला: वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात. पानावर वाढलं, कावळ्याला ठेवलं. मग सगळ्यांनी बसून प्रत्येकी त्यांची एक आठवण सांगायची, असं मी सुचवलं. आत्यांनी सर्वांत जास्त सांगितल्या, आम्हाला कुणालाच माहीत नसलेल्या. तुमच्या सासूबाईंना विचारून बघा, लहानपणी ते कसे होते. विधीचं त्यांचं त्यांना करू द्या, तो दिवस मात्र तुम्हा दोघींचा होईल.